‘शासकीय इतमाम’ म्हणजे नेमकं काय? एका शब्दाची पार्श्वभूमी

कुणी मोठी व्यक्ती गेली की पहिली बातमी निधनाची असते आणि दुसरी ‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होणार का’ याची. मराठीत हे दोन शब्द सरसकट वापरले जातात. इंग्रजी कागदपत्रांत मात्र त्यांच्या जागी चार वेगळ्या गोष्टी असतात: स्टेट फ्युनरल (शासकीय अंत्यसंस्कार), स्टेट ऑनर्स (शासकीय सन्मान), पोलीस गार्ड ऑफ ऑनर (पोलिसांची मानवंदना) आणि स्टेट मोर्निंग (शासकीय दुखवटा). यांतली एक मिळाली म्हणून बाकीच्या आपोआप मिळत नाहीत. वाद बहुतेक वेळा तिथेच सुरू होतात.

यातले बरेचसे विधी ब्रिटिश सैन्य आणि आरमाराकडून आले. झेंडा अर्ध्यावर आणण्याची रीत जहाजांवरची. ‘लास्ट पोस्ट’ ही तळावरची रात्रीची बिगुलाची धून. पहारे तपासण्याची फेरी संपल्याची ती खूण होती. तोफगाड्यावरून पार्थिव नेण्याची पद्धतही तिकडचीच. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या अंत्ययात्रेत विंडसरला घोड्यांचा साज तुटला, तेव्हा नौसैनिकांनी गाडा ओढला आणि पुढे तीच प्रथा झाली. दिल्लीत १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचं पार्थिव असलेलं लष्करी वाहन इंजिन बंद ठेवून जवानांनी दोरखंडांनी ओढलं, त्यामागे हाच संस्कार होता. उलट १९२० मध्ये गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांना जो निरोप मिळाला त्यात सरकारी मानाचा भाग नव्हता. तो मान गर्दीने दिला. मुंबईच्या स्मरणात मात्र दोन्ही प्रसंग एकाच रांगेत बसले आहेत.

आजचा क्रम साधारण असा असतो. पार्थिव आल्यावर तुकडी ‘सलामी शस्त्र’ करते, म्हणजे रायफल समोर उभी धरून मानवंदना देते. मग ‘शोक शस्त्र’चा हुकूम होतो. रायफलची नळी खाली, बुटाच्या टोकाशी, दोन्ही हात दस्त्यावर आणि मान झुकलेली. हवेत तीन फैरी झाडल्या जातात, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजते आणि त्यानंतर ‘राउज’, म्हणजे जागं करणारी धून. स्तब्धता आणि फैरी यांचा क्रम ठिकाणानुसार मागेपुढे होतो. बातम्यांत याला हमखास ‘२१ तोफांची सलामी’ म्हटलं जातं. ते चूक आहे. तोफांची सलामी हा वेगळा मान आहे. सात रायफलींच्या तीन फैरी झाल्या तर बारांचा आकडा २१ येतो, एवढाच योगायोग.

फैरींतही गडबडी होतात. या फैरींसाठी वापरतात त्या रिकाम्या काडतुसाला गोळी नसते, त्यामुळे नळीत पुरेसा दाब तयार होत नाही. वायूच्या दाबावर चालणारी रायफल स्वतःहून दुसरं काडतूस भरत नाही, दर बाराला खटका हाताने ओढावा लागतो. सराव नसलेल्या तुकडीची पहिली फैर एकसाथ होते, दुसरी विस्कटते. जुनी किंवा ओल लागलेली काडतुसं असली तर बारच होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बिहारमध्ये एका माजी मुख्यमंत्र्यांच्या अंत्यसंस्कारात २२ रायफलींपैकी एकही उडाली नाही.

खरी गुंतागुंत तिरंग्याची आहे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा १९७१ चा. २००३ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्ट झालं की ध्वज आच्छादन म्हणून वापरता येणार नाही. अपवाद तीनच: ‘स्टेट फ्युनरल’, सैन्यदलं आणि निमलष्करी दलं. पण स्टेट फ्युनरलची व्याख्या त्या कायद्यात नाही. शिवाय इंग्रजीतल्या ‘स्टेट’चा अर्थ राष्ट्रही होतो आणि राज्यही. त्यामुळे राज्य सरकारने इतमाम जाहीर केला की तेही स्टेट फ्युनरलच, असा अर्थ रुळला. हा मान कुणाला द्यायचा, हे मग मुख्यमंत्र्यांच्या निर्णयावर आलं.

२०१८ च्या फेब्रुवारीत एका अभिनेत्रीला मुंबईत तिरंग्यात निरोप दिला गेला, तेव्हा हे उघड्यावर आलं. समर्थक म्हणाले, त्या पद्मश्री होत्या. हा युक्तिवाद टिकत नाही. पद्म पुरस्कारासोबत अंत्यसंस्काराचा कोणताही हक्क येत नाही. हे पुरस्कार किताब नाहीत, नावाला जोडूही नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. पुढे माहिती अधिकारात उत्तर मिळालं की निर्णय मुख्यमंत्र्यांच्या तोंडी सूचनेवर झाला होता. विरोध करणाऱ्यांनी त्या व्यक्तीच्या पात्रतेवर बोट ठेवलं, आणि तिथेच चर्चा भरकटली. आक्षेप घ्यायचाच तर तो कागदावर निकष नसण्यावर घ्यायला हवा होता. लेखी निकष नसले की कलाकार, उद्योगपती, समाजसेवक यांपैकी कुणाला मान मिळाला आणि कुणाला नाही, याचं कारण विचारायला जागाच उरत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीला एका उद्योगपतींना असाच निरोप मिळाला. तेव्हा कुणी हरकत घेतल्याचं फारसं ऐकू आलं नाही, पण अधिकार वापरण्याची रीत तीच होती.

ध्वजाचे बाकीचे नियम मात्र पक्के आहेत. केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो. ध्वज चितेवर जाळायचा नाही, दफनात खाली सोडायचा नाही, म्हणून अग्नी देण्याआधी तो काढतात. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली जातात आणि वर अशोकचक्र दिसतं. अर्ध्यावर आणतानाही ध्वज आधी टोकापर्यंत चढवायचा आणि मग खाली आणायचा. संध्याकाळी उतरवण्यापूर्वी पुन्हा टोकापर्यंत न्यायचा. कार्यालयांत सकाळी थेट मध्यावर बांधून ठेवलेला ध्वज दिसतो, तो चुकीचा. दुखवट्यातच २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट आला तर ध्वज अर्ध्यावर आणत नाहीत. अपवाद फक्त पार्थिव ठेवलेल्या इमारतीचा, तोही पार्थिव हलवेपर्यंत.

ध्वज कुठवर अर्ध्यावर राहणार, हे पदावर ठरतं. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधानांसाठी देशभर, केंद्रीय कॅबिनेट मंत्र्यांसाठी दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांत, राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांसाठी त्या राज्यापुरता. नियमांच्या यादीत ज्यांचं पद नाही, अशा व्यक्तींसाठी वेगळा आदेश लागतो. २०२२ च्या फेब्रुवारीत एका गायिकेसाठी केंद्राने दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला, तो असाच.

दुखवटा म्हणजे सुट्टी नव्हे. केंद्राच्या १९९७ च्या सूचनेनुसार पदावर असलेले राष्ट्रपती किंवा पंतप्रधान गेले तरच सार्वजनिक सुट्टी अपेक्षित आहे. २०२२ मधली ७ फेब्रुवारीची सुट्टी महाराष्ट्र सरकारने स्वतंत्रपणे दिली होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एका माजी पंतप्रधानांसाठी सात दिवसांचा दुखवटा पाळला गेला, आणि केंद्राने अंत्यसंस्काराच्या दिवशी स्वतःच्याच कार्यालयांना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.