१/३५ : रणगाड्याच्या मॉडेलचं प्रमाण आलं कुठून

रणगाड्याचं किट घ्यायला गेलं की बहुतेक खोक्यांवर १/३५ हा आकडा असतो, म्हणजे मॉडेल खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं. वर्षानुवर्षं मॉडेल बनवणाऱ्यांना तो खटकतही नाही. बाकीच्या प्रमाणांशेजारी ठेवला की मात्र वेगळेपण जाणवतं. १/७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच. १/४८ म्हणजे चार फुटांना एक इंच. १/७६ आलं ब्रिटिश मॉडेल रेल्वेकडून, फुटाला चार मिलिमीटर. या सगळ्यांच्या मुळाशी फूटपट्टी आहे. ३५ हा आकडा इंचांत बसत नाही आणि दशमानातही बसत नाही. त्याच्या मुळाशी आहेत टॉर्चमध्ये असतात तशा दोन बॅटऱ्या.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. रणगाडा १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या आघाडीवर पहिल्यांदा लढाईत उतरला, आणि महायुद्ध चालू असतानाच इंग्लंडमध्ये चिनी मातीचे छोटे रणगाडे शोभेची वस्तू म्हणून विकले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची वाहनं ओळखायला शिकवण्यासाठी सैनिकांना छोटी मॉडेलं दाखवत. १९५० च्या दशकात अमेरिकेत प्लॅस्टिकची किटं आली. तेव्हा बऱ्याचदा खोक्याचा आकार आधी ठरायचा आणि विमान असो, जहाज असो की रणगाडा, त्यात मावेल एवढाच व्हायचा. याला ‘बॉक्स स्केल’ म्हणतात, आणि १/३५ वरचा सगळा वाद याच शब्दाभोवती फिरतो.

जपानमधलं शिझुओका हे लाकूडकामाचं जुनं केंद्र. तिथल्या एका कंपनीने युद्धानंतर लाकूड कापण्यापासून सुरुवात केली, मग लाकडी मॉडेलं केली, आणि प्लॅस्टिकच्या मॉडेलांपुढे ती मागे पडू लागल्यावर स्वतःही प्लॅस्टिककडे वळली. १९६० च्या दशकाच्या अगदी सुरुवातीला तिने जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं. पँथरची चिलखतं सपाट आणि तिरपी, त्यामुळे साचा कापायला सोयीची. मुलांसाठी मॉडेल चाललं पाहिजे होतं, म्हणून आत मोटार, गिअर आणि दोन बॅटऱ्या बसवायच्या होत्या. हल, म्हणजे रणगाड्याचं खालचं धड, तेवढी रुंद ठेवली आणि बाकीचा रणगाडा त्या मापाने आखला. नंतर हिशेब केला तेव्हा प्रमाण निघालं साधारण १/३५. हे निर्मात्यांनीच पुढे उघडपणे सांगितलेलं आहे.

यावर आक्षेप असा की हे बॉक्स स्केलच झालं, फक्त खोक्याच्या जागी बॅटरी आली. शिवाय शिशाच्या सैनिकांचं ५४ मिलिमीटरचं जुनं माप होतं, ते १/३२ च्या जवळ जातं. मोठी विमानंही १/३२ मध्ये होती. रणगाडेही त्याच मापात आले असते तर सैनिक, विमान आणि रणगाडा एकाच पाटावर मांडता आले असते. गणित करून पाहा. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १/३५ मध्ये बरोबर ५० मिलिमीटरचा होतो, १/३२ मध्ये जवळजवळ ५५ चा. हा ५५ वाला १/३५ च्या रणगाड्याशेजारी उभा केला की तो एक मीटर ९१ सेंटिमीटरचा गडी दिसतो. दोन मापं मिसळलेल्या देखाव्यात नेमकं काय चुकलंय हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय एवढं कळतंच.

आक्षेप खरा आहे, पण मला तो अर्धाच पटतो. बॉक्स स्केल प्रत्येक खोक्यागणिक बदलतं. इथे आकडा एकदा अपघाताने निघाला आणि मग जाणीवपूर्वक धरून ठेवला गेला. त्याच कंपनीने १/२५ मध्येही मोठे रणगाडे काढले, पण टिकलं ते ३५. निर्णायक वर्ष माझ्या मते १९६८. त्या वर्षी याच प्रमाणात सैनिकांच्या आकृत्यांची मालिका सुरू झाली. सैनिकाच्या पोटात मोटार बसवायची नसते, म्हणजे ३५ निवडायला आता बॅटरीचं कारण उरलंच नव्हतं. तरी तेच निवडलं, आणि त्या दिवसापासून ते खऱ्या अर्थाने प्रमाण झालं. पुढे इटली, हाँगकाँग आणि चीनमधल्या उत्पादकांनी तेच उचललं, कारण ग्राहकाच्या कपाटात आधीपासून ३५ चंच गोकुळ भरलेलं होतं.

बॅटरीच्या खुणा मात्र किटांच्या अंगावर बरीच वर्षं राहिल्या. माझ्याकडे त्या काळच्या साच्यातली एक हल आहे. उलटी केली की तळाला बटणासाठी लांबट भोक दिसतं, स्क्रूची भोकं दिसतात. पट्ट्यांच्या वर हल जिथे बाहेर येते तो भाग खालून सताड उघडा, थेट आतलं पोकळ दिसतं. खऱ्या रणगाड्यात तिथे पत्रा असतो. म्हणून जुनं किट घेतलं की पहिलं काम ठरलेलं: प्लॅस्टिक शीटचे तुकडे कापून भोकं बुजवायची, बाजूच्या पोकळीला तळ लावायचा, पुट्टी भरून पॉलिश पेपरने घासायचं. डिटेलिंग, म्हणजे बारकावे भरण्याचा उद्योग, बऱ्याच जणांच्या हातात असा भोकं बुजवण्यातून आला.

पट्ट्यांचंही तसंच. मोटारीवर फिरायचे म्हणून ते रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकचे असत. त्यावर नेहमीचा गोंद धरत नाही, तेव्हा टोकाच्या खुंट्या तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने दाबून वितळवायच्या. पट्टा ताणलेला राहायचा. टायगर या जर्मन रणगाड्याचा खरा पट्टा स्वतःच्या वजनाने वरच्या बाजूला चाकांवर झोळ देऊन टेकतो, आणि तो झोळ नसला की रणगाडा हलका दिसतो. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून सुट्या कड्यांचे पट्टे वाढत गेले. टायगरला एका बाजूला ९६ कड्या लागतात, म्हणजे दोन्ही मिळून १९२. प्रत्येक कडी स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्याला जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून, कापा, घासा, जोडा. दोन संध्याकाळी यातच जातात, पण झोळ खरा येतो.

त्याच दशकात पितळेचे कोरीव भाग, म्हणजे फोटो-एच, रुळले. त्यांची गरज साध्या भागाकारात कळते. पँझर ४ या जर्मन रणगाड्याच्या हलच्या बाजूला लावलेले संरक्षक पत्रे ५ मिलिमीटर जाडीचे होते. ३५ ने भागले की ०.१४ मिलिमीटर. साच्यातलं प्लॅस्टिक इतकं पातळ ओतता येत नाही. पाऊण मिलिमीटरचं ओतलं तरी तो पत्रा २६ मिलिमीटरचा होतो, म्हणजे पत्रा न राहता चिलखतच. पितळ गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून गार केलं की मऊ पडतं, मग मडगार्डला हवा तसा पोचा काढता येतो. प्लॅस्टिकचा गोंद पितळेवर चालत नाही, सुपरग्लू लागतो. आता पितळेचे थोडे भाग बऱ्याच किटांमध्येच येतात, आणि २०१० नंतर तर इंजिन, गोळे, चालकाची जागा असं सगळं आतलं घेऊन येणारी किटं निघाली.

पँथर करणाऱ्याला आणखी एक निर्णय घ्यावा लागतो: त्सिमेरिटचा. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन कारखाने १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत चिलखतावर खरबरीत लेप देत. मॉडेलचा महिना ठरवला की लेप हवा की नको हे ठरतं. पूर्वी पुट्टी थापून कंगव्यासारख्या पात्याने रेघा ओढायच्या, नाहीतर सोल्डरिंगच्या टोकाने प्लॅस्टिकवरच. आता लेपाचे तयार पत्रेही मिळतात.

रंगकामाची लाट सगळ्यात अलीकडची. १९८० च्या दशकात गडद पातळ वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाण्यासारखा रंग, आणि वर ड्राय ब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग, एवढ्यावर भागायचं. २००० नंतर स्पेनमधल्या रंगकारांनी एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटांनी पृष्ठभागाचा एकसुरीपणा तोडायला शिकवलं. मग हेअरस्प्रे आला: खाली गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, वर ॲक्रिलिक, आणि सुकल्यावर पाण्याने ओला करून ब्रशने खरवडायचं. टवके खरे दिसतात. मात्र पँथर जेमतेम दोन वर्षं लढला, आणि त्यातले बरेच काही महिन्यांतच गेले. त्याला वीस वर्षांचा गंज चढवणं मला पटत नाही.

आपल्याकडे या सगळ्याची तपासणी करायची सोय अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आहे. तिथलं रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झालं. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन, विजयंता असे रणगाडे तिथे उघड्यावर उभे आहेत. सेंच्युरियनसमोर थोडा वेळ थांबावं. त्याची रुंदी ३.३९ मीटर, मॉडेलमध्ये ९७ मिलिमीटर. बुरूज, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, ओतीव पोलादाचा, पण माथ्याचा पत्रा वेल्ड केलेला. ओतीव भागावर बारीक खडबडीतपणा आहे आणि माथा गुळगुळीत. जुन्या किटात दोन्ही सारखेच गुळगुळीत येतात. पातळ केलेली पुट्टी आखूड केसांच्या ब्रशने फक्त बाजूंवर टिपत जायची आणि वेल्डच्या रेघेशी थांबायचं.