पाठीला पाठ लावून: कुस्ती, नाटक आणि कोल्हापूरचं रोजचं जगणं

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. बाहेरगावच्या लोकांनी ती एका जुन्या नाट्यगृहाच्या आगीची बातमी म्हणून वाचली. कोल्हापूरकराला मात्र थेटराच्या पाठोपाठ खासबाग आठवली. नाट्यगृह आणि खासबागेचं कुस्ती मैदान पाठीला पाठ लावून उभे आहेत, आणि मैदानाच्या बाजूचं व्यासपीठही त्या आगीत सापडलं. गाणं आणि कुस्ती एकाच आवारात का, असा प्रश्न इथे वाढलेल्या माणसाला कधी पडत नाही. ही मांडणी कुठून आली आणि तिनं या गावाचं रोजचं जगणं कसं घडवलं, ते मात्र सांगायला हवं.

राजर्षी शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले. ते स्वतः तालमीत घुमलेले होते. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते इंग्लंडला गेले आणि त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं गोल क्रीडागार पाहिलं. तसं एखादं मैदान आपल्या पैलवानांसाठी असावं, हे तिथेच मनात बसलं. 1912 मध्ये खासबाग तयार झालं. मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, आणि चहूबाजूंनी वर चढत जाणारा मातीचा उतार, अशी त्याची घडण आहे. वाटीच्या तळाशी पैलवान, काठावर माणसं. अगदी वरच्या कडेला बसलेल्या माणसालाही खालचा पट कसा काढला ते दिसतं, पुढच्याचं डोकं आड येत नाही. माझ्या मते खासबागेचं सगळं मोठेपण या उतारात आहे. पुढची रांग राजेरजवाड्यांची असेल, पण कुस्ती मागच्यालाही तेवढीच दिसली पाहिजे, हे त्या बांधणीतच ठरलेलं आहे.

तीन वर्षांनी, 1915 मध्ये, त्याच आवारात पॅलेस थिएटर उभं राहिलं. पुढे त्याला केशवराव भोसले या संगीत रंगभूमीवरच्या कोल्हापूरच्या गायकनटाचं नाव मिळालं. केशवरावांनी 1908 मध्ये ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त ते धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीनच महिन्यांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले. त्यांच्या नावाच्या रंगमंचामागे शड्डूचा आवाज घुमत राहिला, हे मला फार मोलाचं वाटतं. इथे गाणं ऐकणारा आणि कुस्ती बघणारा अशी दोन माणसं नव्हती. दुपारी मैदानात बसलेलाच रात्री थेटरात बसायचा.

हौद्यातली माती कधी हातात घेऊन बघावी. ती शेतातल्या मातीसारखी लागत नाही. लाल माती चाळून घेतात, मग तिच्यात ताक, तेल, लिंबाचा रस, हळद आणि कापूर कालवतात. ती मऊ राहते, अंगाला चिकटते, खरचटलं तरी सहसा चिघळत नाही. वास थोडा आंबूस, थोडा देवघरातला. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही, हातात फावडं देतो. हौदा उकरायचा आणि पुन्हा सारखा करायचा. खांदे, कंबर, दम, सगळं तिथूनच तयार होतं. माती उकरून झाली की तिला हात लावून कपाळाला लावायचा, मग जोर आणि बैठका. खेड्यातून आलेली पोरं तालमीतच राहतात, एकत्र रांधतात, आळीपाळीनं थंडाई घोटतात. बदाम वाटता वाटता दुखऱ्या मनगटाला बोल लावणारं पोर वर्षभरात पार बदलून गेलेलं दिसतं.

पण कोल्हापुरात तालीम म्हणजे फक्त हौदा नाही, आणि बाहेरच्या माणसाच्या हे लवकर ध्यानात येत नाही. पेठेचा गणपती तालमीचा, शिवजयंतीची मिरवणूक तालमीची, भांडण मिटवायची बैठक तालमीत. बाबूजमाल तालमीत गणपती बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. 2018, 2019 आणि 2020 अशी सलग तीन वर्षं गणेशोत्सव आणि मोहरम एकाच वेळी आले. ज्या तालमीत दोन्ही असतात तिथे तेव्हा एकाच छताखाली आरती आणि फातेहा झाला. पेठेतल्या माणसांना त्यात नवल वाटलं नाही.

फुटबॉलही याच वाटेनं गावात मुरला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 ची. तिच्या स्पर्धेतल्या संघांची नावं नुसती वाचली तरी पेठांचा नकाशा समोर उभा राहतो: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. फुटबॉलच्या संघाला तालमीचं नाव कसं, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात. पेठेतल्या पोरांना एकत्र आणणारी संस्था आधीच होती, चेंडू नंतर आला. विश्वचषक आला की ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे मोठाले फलक पेठांमध्ये लागतात आणि महिनाभर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. 2017 मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

सिनेमाचा धागा याहून जुना आहे. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापुरात काढली आणि 1920 मध्ये त्यांचा 'सैरंध्री' आला. त्यातला भीमाच्या हातून होणारा कीचकवध इतका खरा वाटला की त्यावर कात्री चालवावी लागली. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. याच गावात 1929 मध्ये प्रभात उभी राहिली, 1933 मध्ये पुण्याला गेली. पौराणिक आणि ऐतिहासिक पटांना घोड्यावर मांड ठोकणारी, तलवार पेलणारी, छाती भरलेली माणसं लागत, आणि अशी माणसं इथे गल्लोगल्ली होती. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांढरे बंधू कोल्हापूरचे. ही नावं त्यांना भालजी पेंढारकरांनी दिली. त्यांचा शिवाजी किंवा मावळा पडद्यावर खरा वाटला, त्यात कमावलेल्या शरीराचा वाटा मोठा होता. मराठी ऐतिहासिक चित्रपटातला नायक बराच काळ तालमीतल्या माणसासारखा उभा राहत होता, असं मी म्हणेन.

आणि खाशाबा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकायला कोल्हापुरात आले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले आणि सहावे आले. मातीत वाढलेला हा मल्ल तिथे गादीवर, म्हणजे मॅटवर लढला. 1952 मध्ये हेलसिंकीला जायचं तर पैशांचा प्रश्न होता. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांनी त्यांची कराडपासून गावापर्यंत मिरवणूक काढली. मिरवणुकीला ती वाहनं आली, कारण लोकांच्या घरी तीच होती. ज्या जनावरांनी आठवडाभर शेतात राबायचं, तीच त्या दिवशी पदकाच्या मिरवणुकीत चालली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवून प्राचार्यांचं कर्ज फेडायला मदत केली, असं सांगितलं जातं. मात्र त्यांच्या हयातीत त्यांना मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला नाही. 1984 मध्ये अपघातात ते गेले, अर्जुन पुरस्कार त्यानंतर आला. याची सल या भागात अजून आहे आणि ती रास्त आहे.

1959 मध्ये श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, 1960 मध्ये गणपत आंदळकर. 1961 पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. त्या काळात पैलवानांचे फोटो न्हाव्याच्या दुकानात देवांच्या आणि नटांच्या फोटोंशेजारी टांगलेले असत. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने, दोघांनीही सुवर्णपदकं आणली.

कुस्तीची खरी बाजारपेठ मात्र गावची जत्रा. पालखी होते, रात्री तमाशा होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा फड भरतो. सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची पोरं लंगोट सावरत आत येतात, जिंकलं की मूठभर रेवड्या किंवा नारळ. मग आकडा चढत जातो. हलगी आणि घुमकं वाजत असतं, आणि हलगीवाल्याला कुस्ती कळते. खडाखडी चालू असेतो तो धिमा ठेका धरतो, पकड बसली की टिपरी अशी पडायला लागते की बसलेली माणसं आपोआप उठतात. कोथळीच्या शंकर पुजारींसारखे निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, त्याच्या घरची परिस्थिती, सगळं ओघात सांगतात, आणि दोन अनोळखी पोरांची कुस्ती ऐकणाऱ्याला आपल्या भावकीतली वाटू लागते. जिंकलेला पोरगा फेटा बांधून रिंगणात फिरतो, माणसं त्याच्या हातात दहाची, पन्नासची, शंभराची नोट ठेवतात. एका म्हाताऱ्यानं धोतराच्या कनवटीची सुरळी सोडून वीसची नोट काढली, कपाळाला लावली आणि मग पोराच्या हातात दिली, हे मी जवळून पाहिलं आहे. ती नोट त्या पोरानं बाकीच्यांत मिसळली नाही, लंगोटात खोचली.

ही जत्रा भाषेत कायमची वस्तीला आली. आपण समोरच्याला 'अस्मान दाखवतो', कारण पाठ टेकलेल्या माणसाला वर फक्त आभाळ दिसतं. धोबी कपडा खांद्यावरून दगडावर आपटतो तसा प्रतिस्पर्धी आपटला की 'धोबीपछाड'. बैठकीत कोणी 'कुरघोडी' करतं, निवडणुकीत कोणी 'शड्डू ठोकतं', जागावाटपाआधी 'खडाखडी' चालते, आणि दोघांचं आतून ठरलेलं असलं तर लोक 'नुरा कुस्ती' म्हणून मोकळे होतात. सून आणि सासूच्या मालिकेतही 'डाव' टाकतात आणि 'पेच' पडतात. हौद्यात कधी पाय न ठेवलेली माणसंही हे शब्द बिनचूक वापरतात. कुस्ती पुस्तकात शिकवून हे झालं नसतं.

खाण्यापिण्यातही तिचा ठसा आहे. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जावं. म्हैस समोर बांधलेली, धार थेट भांड्यात, फेसाचा पेला कोमट हातात. गंगावेस तालीम जवळच. पैलवानांच्या खुराकाची ही सवय नोकरदारांनी, कॉलेजच्या पोरांनी आणि नातवाला घेऊन आलेल्या आजोबांनी उचलली. मिशी पांढरी झाली की पोरं हसतात, आजोबा हातरुमाल काढतात.

2016 च्या ऑक्टोबरमध्ये 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका सुरू झाली. कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात तिचं चित्रीकरण होई. नायक पैलवान, शिक्षण कमी, मन मोठं. राणादाचं 'चालतंय की' महाराष्ट्रभर बोललं गेलं. कोल्हापुरी बोलीला विनोदापुरतं वापरायची सवय असलेल्या पडद्यावर त्या बोलीत प्रेम आणि दुःखही बोललं गेलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. वसगड्याला तेव्हा लोक गाड्या करून वाडा बघायला जात.

तालमींची स्थिती मात्र सोपी नाही. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर होते. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी गादीवर भिडतात. खुराकाचा खर्च शेतकरी घराला झेपत नाही. 2000 मध्ये विनोद चौगुले महाराष्ट्र केसरी झाले, त्यानंतर कोल्हापूरला थेट 2022 पर्यंत वाट पाहावी लागली. साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलनं गदा उचलली तेव्हा पेठांमध्ये दिवाळी झाली. एक दार मात्र उघडलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या हौद्यात मुलींना पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांच्यासाठी 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. त्या वर्षी आमच्या भागातल्या जत्रेत रेवड्यांच्या कुस्तीला दोन मुली उतरल्या. धाकटीनं आधी माती कपाळाला लावली, मग मोठीकडे हात पुढे केला. हलगीवाल्यानं ठेका बदलला नाही, पोरांच्या कुस्तीला धरतो तोच धरला.