अंगणातला पॉइंट : बसवण्याआधी हे वाचा

मे महिना लागला की आमच्या काउंटरवर एकच वाक्य रोज ऐकू येतं : "बाहेर एक थ्री-पिन हवाय, बसवू आम्हीच." कुणाला पडवीत इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करायची असते, कुणाला गवत कापायचं मशीन चालवायचं असतं, तर कुणाला गणपतीत मांडवाची लायटिंग खिडकीतून ओढलेल्या एक्स्टेंशनवर नको असते. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. यातलं बरंचसं काम तुम्ही स्वतः करू शकता, पण सगळं नाही. ती रेघ कुठे आहे ते आधी सांगतो.

दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणं घरच्या माणसाला चालतं. नवा पॉइंट काढणं म्हणजे वायरिंगमध्ये भर घालणं, आणि ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, परमिट असलेल्या वायरमनच्या हातून व्हायला हवं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत तशी अट आहे. म्हणून आमची वाटणी अशी : जागा ठरवणं, भोक पाडणं, पाइप आणि पेटी बसवणं तुमचं, वायर जोडणं आणि तपासणं वायरमनचं. त्याचा अर्धा दिवस भिंत फोडण्यात जातो. ते काम तुम्ही उरकून ठेवलंत तर मजुरीही वाचते.

एमसीबी आहे ना, मग भीती कसली?

हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. अंगातून ५० ते १०० मिलिअँपिअर करंट एखाद-दोन सेकंद गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते, आणि १०० मिलिअँपिअर म्हणजे १ अँपिअरचा दहावा भाग. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. घरात तुम्ही कोरड्या लादीवर, पायांत चप्पल घालून उभे असता. अंगणात पाय अनवाणी, जमीन ओली आणि हातात पाण्याचा पाइप. विजेला जमिनीत उतरायला याहून सोपी वाट नाही.

म्हणून बाहेरच्या पॉइंटच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत आला नाही की तो सेकंदाच्या अंशात सप्लाय तोडतो. त्याला एमसीबीची जोड लागते. दोन्ही कामं एकाच तुकड्यात हवी असतील तर आरसीबीओ मागा. स्कूटरच्या चार्जरसाठी 'ए' टाइप घ्या, साधा 'एसी' टाइप नको. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा स्वस्तात मिळतोय म्हणून आणू नका. तो आग लागू नये यासाठी ठीक आहे, शॉकपासून वाचवण्यासाठी नाही.

पेटी कोणती आणि कुठे

पेटीवर 'आयपी' आणि दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ४४ शिंतोड्यांपुरती, आयपी ५५ पाण्याच्या फवाऱ्याला टिकते, आयपी ६६ जोरदार माऱ्यालाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर झड मारतो. त्यामुळे उघड्या भिंतीवर ५५ च्या खालची पेटी आम्ही देत नाही. एक गोम मात्र लक्षात ठेवा : बऱ्याच पेट्यांचा हा आकडा झाकण बंद असतानाचा असतो. प्लग लावला की झाकण उघडं आणि आकडा कागदावर. तासन्‌तास प्लग लावून ठेवायचा असेल तर प्लगसकट बंद होणाऱ्या खोल झाकणाची पेटी घ्या.

जागा वळचणीखाली असावी, पण पागोळ्या पडतात त्या रेषेत नको. जमिनीपासून मीटरभर तरी उंच, आणि पाणी भरणारी वाडी असेल तर पुराच्या खुणेच्या वर. नळ, मोरी आणि तुळशीवृंदावनापासून लांब. घरातल्या डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या मुख्य पेटीपासून) जितकी जवळ तितकं बरं. १६ अँपिअरच्या पॉइंटला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, अंतर ३० मीटरच्या पुढे गेलं तर ४ ची घ्या. गोठ्यापर्यंत किंवा विहिरीपर्यंत जमिनीखालून न्यायची असेल तर आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबलच हवी, पाऊण मीटर खोल, वर विटांचा थर. साधी वायर पाइपात घालून पुरू नका. पहिल्याच आळं खणण्यात कुदळ लागते.

चिऱ्याची भिंत

आपल्याकडची निम्मी घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, आणि जांभा पाणी पितो. कन्सील पेटी खोदून बसवली तर ती आषाढ-श्रावण ओल्या स्पंजात बसल्यासारखी राहते. म्हणून चिऱ्यावर पेटी भिंतीच्या वर बसवा, आत नको. ड्रिलचा हॅमर सुरुवातीला बंद ठेवा, नाहीतर तोंडाशी चिरा भुगा होऊन सुटतो. आधी बारीक बिट, मग ८ मिलिमीटरचं, गट्टू लांब. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात गट्टू धरत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. खाडीकाठी साधा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून पेटीसकट हातात येतो.

ड्रिल लावण्याआधी मेन स्विच बंद करा आणि मशीन शेजारच्या घरातून किंवा बॅटरीवर चालवा. आतल्या बोर्डाच्या बरोबर वर-खाली भोक पाडू नका, वायरी बहुधा तिथूनच उतरलेल्या असतात. भोक आतून बाहेर किंचित उतरतं हवं, म्हणजे पाणी घरात शिरणार नाही. पाइप पेटीत खालून घ्या, ग्लँड (भोकाभोवतीची फट बंद करणारा जोड) लावून. वरून घेतलात तर थेंब वायरीला धरून थेट आत जातो. कडेने सिलिकॉन लावताना वर आणि दोन्ही बाजूंना लावा, खालची कड मोकळी सोडा. आत साचलेल्या ओलीला उतरायला जागा लागते. उत्साहात चारी बाजू बंद केलेली एक पेटी आमच्याकडे परत आली होती, उघडली तर आत वाटीभर पाणी.

वायरमन आला की

अर्थिंग आहे का, हे त्याला मोजून दाखवायला सांगा. जुन्या घरांत हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि पुढे कुठेच जात नाही. त्याहून वाईट म्हणजे अर्थच्या पिनेला न्यूट्रलची वायर जोडून लूप मारलेला असतो. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की मशीनच्या लोखंडी अंगावर २३० व्होल्ट उभे! मल्टिमीटर लावला की फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, आणि लूप नाही हे जोड उघडून पाहायला हवं. सॉकेटसमोर उभं राहिल्यावर मोठी अर्थची पिन वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. टेस्टरवर विसंबू नका, बाहेरच्या उन्हात त्याचा दिवा पेटलाय की नाही तेच कळत नाही.

नवा आरसीसीबी सारखा पडू (म्हणजे आपोआप बंद होऊ) लागला तर "पीस खराब आहे" म्हणून लोक भांडायला येतात. बऱ्याचदा दुसऱ्याच सर्किटचा, विशेषतः इन्व्हर्टरचा न्यूट्रल त्यात मिसळलेला असतो. तो शोधायला लावा. बायपास करून देतो म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा.

नंतरची देखभाल

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, तो पडलाच पाहिजे. त्या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वर्षातून एकदा मोजूनच घ्यावं लागतं. विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवा. आणि पावसाळ्याआधी मेन बंद करून झाकण उघडून बघा. कुंभारीण माशीला अर्थच्या पिनेचं भोक फार आवडतं. ती आत चिखलाचं घर लिंपते, प्लग पुरता बसत नाही आणि पिना तापू लागतात. मुंग्या आणि पाली यांचं तर सांगायलाच नको. न वापरलेल्या पाइपाची तोंडं बुचाने बंद ठेवा.

दुकानात येताना तीन गोष्टी आणा : डीबीचा झाकण बंद ठेवून काढलेला फोटो, डीबीपासून जागेपर्यंतचं मोजलेलं अंतर, आणि जे यंत्र चालवायचं आहे त्याच्या पट्टीवरचे वॅट. १३०० वॅटच्या पुढे गेलं तर ६ अँपिअरचा पॉइंट आम्ही देणार नाही. ओळखीचा परवानाधारक वायरमन नसेल तर तेही काउंटरवर विचारा.