डब्यातल्या सँडविचचे चार तास

आमच्या शाळेतल्या वर्गमित्रांचा मेळावा नुकताच झाला. जेवणाची वेळ टळत चालली तशा गप्पा मधल्या सुट्टीतल्या डब्यांकडे वळल्या, आणि सर्वांत जास्त वेळ रेंगाळल्या त्या ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये कोणाची आई काय काय घालत असे या विषयावर. काकडी, उकडलेला बटाटा आणि हिरवी चटणी हे तर सर्वांचेच होते. पण एकाच्या डब्यात आदल्या दिवशीची साबुदाण्याची खिचडी ब्रेडमध्ये दाबून येत असे, एकीची आई केळ्याच्या चकत्यांवर साखर भुरभुरवून देत असे, आणि लिंबाच्या गोड लोणच्याचा नुसता खार लावलेला ब्रेड आणणारा एक मित्र त्या खाराच्या जोरावर वर्गात भलताच लोकप्रिय होता. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचे एकमत झाले. तीच चटणी आणि तेच लोणी घेऊन आज घरी सँडविच केले, तरी ती चव येत नाही. कोणी हल्लीच्या ब्रेडमधल्या रसायनांना बोल लावला, तर कोणी आईच्या हाताला श्रेय देऊन विषय संपवला.

मला या दोन्हींपेक्षा एक साधे कारण अधिक पटते. ते सँडविच आपण ताजे असे क्वचितच खाल्ले होते. सकाळी ७ वाजता केलेले, स्टीलच्या डब्यात घट्ट झाकलेले आणि दप्तरात पुस्तकांखाली दबलेले ते सँडविच आपण ११ च्या सुमारास खात होतो, आणि त्या चार तासांत झाकणाखाली पाण्याची बरीच ये-जा होऊन गेलेली असे.

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते, ब्रेडच्या गाभ्यात ३५ ते ४० टक्के. त्यामुळे पाणी काकडीतून ब्रेडमध्ये जाते यात नवल वाटत नाही. पण जॅमचे उदाहरण घेतले की ओलेपणावरून बांधलेला अंदाज चुकतो. जॅममध्ये पाण्याचे प्रमाण ब्रेडपेक्षा थोडे कमीच असते, तरी तो बोटाला ओला लागतो आणि ब्रेड कोरडा लागतो. प्रत्यक्षात मात्र पाणी या ओल्या दिसणाऱ्या जॅमकडून ब्रेडकडे न जाता ब्रेडकडून जॅमकडे खेचले जाते. पाणी किती आहे यापेक्षा ते किती मोकळे आहे, हा खरा प्रश्न असतो. जॅममधले पाण्याचे रेणू साखरेच्या रेणूंनी असे धरून ठेवलेले असतात, की त्यांना निसटून जाणे अवघड होते.

हा मोकळेपणा मोजण्यासाठी अन्नशास्त्रात ‘पाण्याची सक्रियता’ ही राशी वापरतात. बंद भांड्यात एखादा पदार्थ ठेवला, की त्याच्यावरच्या हवेत पाण्याच्या वाफेचा ठरावीक दाब तयार होतो. त्याच तापमानाला शुद्ध पाण्यावर जो दाब असतो त्याने या दाबाला भागले की सक्रियता मिळते. शुद्ध पाण्याची सक्रियता अर्थातच १. काकडीची जवळपास ०.९९, ब्रेडच्या गाभ्याची ०.९५ च्या आसपास, जॅमची साधारण ०.८, आणि नुकत्याच फोडलेल्या पुडीतल्या बटाट्याच्या वेफर्सची ०.३ पेक्षाही कमी. पाणी नेहमी जास्त सक्रियतेकडून कमी सक्रियतेकडे जाते, आणि त्यासाठी दोन पदार्थ एकमेकांना टेकलेले असण्याचीही गरज नसते, कारण वाफेच्या रूपाने ते डब्यातल्या हवेतूनही प्रवास करू शकते. म्हणूनच ब्रेडमध्ये घातलेले वेफर्स मधल्या सुट्टीपर्यंत सादळत. वेफरमधला स्टार्च कोरडा असतो तेव्हा काचेसारखा कडक आणि ठिसूळ अवस्थेत असतो. पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्यांमध्ये शिरले, की त्या साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि कुरकुरीत चकती चामट होते.

काकडीवर मीठ पडले की आणखी एक गोष्ट घडते. मीठ पृष्ठभागावरच्या ओलाव्यात विरघळून दाट द्रावण तयार होते आणि परासरणामुळे पेशींमधले पाणी बाहेर ओढले जाते. आता हे द्रवरूप पाणी आहे. ते वाफ होऊन जाण्याची वाट पाहत नाही, तर ब्रेडच्या बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने थेट आत शिरते. पातळ चटणीचेही तेच. याला अडवणारा पहारेकरी म्हणजे लोणी. मुंबईत फुटपाथवर सँडविच करणारा माणूस चटणीच्या आधी लोणी फासतो आणि सुरी कडेपर्यंत नेतो, ते केवळ चवीसाठी नाही. लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असतो. उरलेल्या भागातले पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपात त्या स्निग्धांशात विखुरलेले असते, म्हणजे सलग पसरलेले असते ते तूप, पाणी नव्हे. पाण्याच्या रेणूंना एकमेकांचे हात सोडून या स्निग्ध थरात शिरण्यात काही लाभ नसतो, म्हणून चटणीतले पाणी वरच्या वर राहते. जिथे सुरी पोहोचलेली नसते त्या कोपऱ्यात मात्र ब्रेड चटणी पिऊन हिरवा होतो.

याच नियमामुळे तूप-साखर-पोळीची गुंडाळी दुपारपर्यंत दाताखाली करकरते आणि केळ्यावरची साखर पाच मिनिटांत पाघळते. साखरेच्या प्रत्येक रेणूवर पाण्याशी मैत्री करणारे ८ हायड्रॉक्सिल गट असतात. पाणी मिळाले तर सुमारे २०० ग्रॅम साखर १०० मिलिलिटर पाण्यात सहज विरघळते, पण तुपात पाणी जवळजवळ नसल्यामुळे तिचा कणही विरघळत नाही. पोळीवर आधी तूप आणि मग साखर हा क्रम ज्या कोणी प्रथम पाळला, तिला भौतिक रसायनशास्त्र चांगलेच कळत होते असे मी म्हणेन.

चार तासांत चटणीचा गंधही बदलतो. कोथिंबिरीचा ताजा, थोडा साबणासारखा वास अल्डिहाइड वर्गातल्या संयुगांमुळे येतो. पाने वाटली की पेशींमधली विकरे (रासायनिक बदल घडवणारी प्रथिने) मोकळी होतात आणि ही संयुगे हळूहळू कमी करतात. ठेचलेल्या लसणातला झणझणीत अॅलिसिन गंधकाच्या दुसऱ्या संयुगांत रूपांतरित होऊ लागतो. लिंबाच्या आम्लामुळे हरितद्रव्याच्या रेणूमधला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग मातकट होतो. यातली बरीच गंधद्रव्ये स्निग्ध पदार्थात विरघळणारी असल्यामुळे लोणी ती शोषून घेते. डब्यातले सँडविच म्हणजे अशी मुरलेली, सौम्य झालेली चटणी, आणि घरी आपण खातो ती मिक्सरमधून नुकतीच काढलेली.

आता आठवणीचा भाग. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा वास असतो. घास चावताना गंधाचे रेणू घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतात. डोळे, कान आणि त्वचा यांचे संदेश थॅलॅमस या मेंदूतल्या केंद्रातून पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र त्या थांब्याविना भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांपर्यंत पोहोचतात. शब्द सांगून आठवणी विचारल्या, तर वयाच्या दुसऱ्या दशकातल्या आठवणी अधिक निघतात. वास देऊन विचारल्या तर पहिल्या दशकातल्या. तिसरीतला डबा नाकाला अचूक आठवतो, म्हणूनच नाक ताज्या चटणीला फसत नाही.

मेळाव्यात अपेक्षेप्रमाणे ‘मैदा आतड्यांना चिकटून बसतो’ हा मोबाइलवरून फिरणारा सिद्धान्तही कोणीतरी मांडला. चिकटते ती कच्ची कणीक, परातीला. भाजलेल्या ब्रेडमधला स्टार्च पचवण्याचे काम लाळेतल्या अमायलेज या विकरापासून सुरू होते आणि लहान आतड्यात त्याची साखर होऊन ती शोषली जाते. मैद्यात तंतुमय भाग फारच कमी असतो ही तक्रार खरी आहे, आणि ती पुरेशी आहे. तिला खळीचा डबा जोडण्याची गरज नाही.

घरी आल्यावर मी एका रविवारी सकाळी ७ वाजता दोन सँडविचे केली. एकात लोणी कडेपर्यंत लावले, दुसऱ्यात घाईत लावावे तसे मधल्या मध्ये. फ्रिजचा मोह टाळला, कारण गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानाला स्टार्चच्या साखळ्या पुन्हा स्फटिकरूपात बांधल्या जाण्याचा वेग सर्वांत जास्त असतो आणि ब्रेड बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर शिळा होतो. (ब्रेड पाणी न गमावताही शिळा होतो, हे फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवले होते.) दोन्ही सँडविचे स्टीलच्या डब्यात घालून वर दोन जाड शब्दकोश ठेवले.

११ वाजता झाकण उघडले तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमलेले होते. पहिले सँडविच व्यवस्थित होते, कोणत्याही उपाहारगृहात खपले असते. दुसऱ्याचे चारही कोपरे हिरवे, गार आणि लिबलिबीत झाले होते. मी कोपऱ्यांपासून सुरुवात केली. दुसऱ्या घासाला मला आमच्या वर्गाची पाण्याची टाकी आठवली, आणि तिच्या गळक्या नळाखाली डब्याचे झाकण धुण्यासाठी लागलेली रांग.