मालडबा सापडला तसाच आणा : खेळण्यातील जुन्या वाघिणींच्या (मालडब्यांच्या) दुरुस्तीविषयी ग्राहकांसाठी माहिती

नौपाड्यातील आमच्या कार्यशाळेत खेळण्यातील जुन्या आगगाड्यांची, त्यातही मुख्यत्वे मालगाडीच्या डब्यांची दुरुस्ती केली जाते. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, बेलापूर अशा भागांतून येणाऱ्या आमच्या बहुतेक ग्राहकांना चावीची गाडी आणि विजेची गाडी यांतील फरक, गेजचे (रुळांमधील अंतराचे) प्रकार, कपलिंगचे (डबे एकमेकांना जोडणाऱ्या हुकांचे) नमुने हे सारे ठाऊक असते, त्यामुळे त्याची उजळणी येथे केलेली नाही. हे पत्रक छापण्याचे कारण एकच आहे. आमच्याकडे येणारे अनेक डबे घरी धुऊन, घासून किंवा रंगवून येतात. मग आमचा वेळ आणि आपले पैसे मूळ बिघाडापेक्षा या घरगुती सफाईने झालेले नुकसान आवरण्यातच अधिक खर्च होतात.

असे का होते, हे आम्ही समजू शकतो. इमारत पुनर्विकासाला जाते, घर रिकामे करण्याची तारीख ठरते, माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तिच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन-चार डबे निघतात. किंवा दिवाळीची साफसफाई चालू असते आणि पितळेच्या समया घासता घासता हे डबेही त्याच परातीत जातात. वस्तू जपण्याच्या हेतूनेच हे केले जाते, पण परिणाम नेमका उलटा होतो.

ज्या पत्र्याचे हे डबे बनलेले असतात तो नुसता लोखंडी पत्रा नसतो. पोलादाच्या पातळ पत्र्यावर दोन्ही बाजूंनी कथलाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, भांड्यांच्या कल्हईसारखा, आणि त्यावर रंग किंवा छपाई असते. हा थर सलग असेपर्यंत पोलाद सुरक्षित राहते. पॉलिश पेपरने घासून तो कोठे फाटला, तर उघड्या पडलेल्या जागी पोलाद एरवीपेक्षाही लवकर गंजते, कारण ओलावा मिळताच कथील शाबूत राहते आणि गंज सगळा पोलादाच्या वाट्याला येतो. म्हणून नखाएवढा गंज काढण्यासाठी तळहाताएवढी जागा घासून आणलेला डबा पाहिला की आम्हाला फार वाईट वाटते. तो नखाएवढा गंज वर्षानुवर्षे तेथेच स्थिर होता. घासलेली जागा मात्र खाडीकाठच्या दमट हवेत एका पावसाळ्यात तांबूस होते.

दुसरे नुकसान अक्षरांचे होते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० साली हॉर्नबी नावाने ओ गेजच्या गाड्या बाजारात आणल्या. त्यांच्या जुन्या डब्यांवर एकरंगी इनॅमलचा हात असून त्यावर ट्रान्सफरने (कागदावरून उतरवलेल्या छापाने) अक्षरे उमटवलेली असतात. बऱ्याच जर्मन आणि स्वस्त ब्रिटिश डब्यांवर पत्रा वाकवण्यापूर्वीच लिथोग्राफीने छपाई केलेली असते, तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन लायनेल कंपनीच्या डब्यांवर प्लॅस्टिकच्या अंगावर रबरी शिक्क्याने किंवा तापवलेल्या ठशाने मजकूर उठवलेला असतो. या सर्व प्रकारांत अक्षरे पृष्ठभागावरच असतात. त्यांना आधार असतो तो फक्त वार्निशच्या थराचा, आणि पुष्कळदा तोही नसतो. भांडी घासण्याची पावडर, धातूचे पॉलिश किंवा थिनर यांनी आधी वार्निश जाते आणि मागोमाग अक्षरे जातात. रबरी शिक्क्याची अक्षरे तर साबणाच्या ओल्या फडक्यानेही पुसली जातात. क्रॉफर्ड्स बिस्किट्स किंवा कोलमन्स मस्टर्डच्या जाहिरातीचा हॉर्नबी डबा संग्राहक शोधत असतात ते त्या जाहिरातीसाठी. ती पुसली गेली की उरतो तो एक साधा पत्र्याचा डबा.

अक्षरांवरून डब्याचा काळही कळतो. ब्रिटनमधील रेल्वे कंपन्यांचे १९२३ साली चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले आणि १९४८ साली त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यामुळे डब्यावर एल.एम.एस. (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश) किंवा जी.डब्ल्यू. (ग्रेट वेस्टर्न) अशी या चारांपैकी एखाद्या कंपनीची अक्षरे असतील तर शोध कोठून सुरू करायचा ते ठरते. अर्थात खेळण्यांच्या कारखान्यांनी जुनी अक्षरे राष्ट्रीयीकरणानंतरही काही काळ चालू ठेवली होती. म्हणून आम्ही चाके, कपलिंग आणि तळाचा शिक्का यांच्याशी ताळा घेतल्याशिवाय काळ सांगत नाही. तो तळाचा शिक्काही घासून आलेल्या डब्यांवर अनेकदा गेलेला असतो.

घरात हाताशी असलेल्या पदार्थांविषयी वारंवार विचारले जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. लिंबू, चिंच आणि व्हिनेगर यांतील आम्ल पत्र्याच्या दुमडलेल्या कडांत शिरते, तेथून ते पूर्ण धुऊन निघत नाही, आणि गंज आतून बाहेर येतो. सोबत मीठ वापरले असेल तर अधिकच लवकर. नेलपॉलिश रिमूव्हरमधील ॲसिटोनने पॉलिस्टायरिनचे प्लॅस्टिक तिथल्या तिथे विरघळते आणि त्यावर बोटांचे ठसे कायमचे उमटतात. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर पुढे कोणतेही वार्निश नीट धरत नाही. खोबरेल तेल लावून आणलेल्या डब्यांची संख्याही बरीच आहे. ते तेल धूळ धरून ठेवते, खवट होते आणि आसाच्या भोकात चिकट मळ साठवते. चाके फिरत नसतील तर शिवणयंत्राच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब आसाला पुरतो, आणि तोही न देता डबा आणलात तरी आमची काही हरकत नाही.

याच ओघात जिभांचा उल्लेख केला पाहिजे. पत्र्याचे डबे सहसा खिळ्या-स्क्रूंनी जोडलेले नसतात. एका पत्र्याची छोटी जीभ दुसऱ्याच्या खाचेतून काढून आत वाकवलेली असते. आतील गंज पाहण्यासाठी किंवा तळ नीट धुण्यासाठी अनेक जण या जिभा स्क्रूड्रायव्हरने उचलतात. हा पत्रा एकदा सरळ होतो, क्वचित दुसऱ्यांदाही होतो, पण त्यानंतर जीभ मुळाशी तुटते. मग तेथे नवी जीभ सोल्डर करावी लागते, सोल्डरच्या उष्णतेने बाहेरच्या बाजूचा रंग करपू नये म्हणून ओल्या कापसाची पट्टी लावून काम करावे लागते, आणि पाच मिनिटांचे काम अर्ध्या दिवसाचे होते. आपल्या बिलात सर्वांत अनपेक्षित वाटणारी रक्कम बहुधा या तुटलेल्या जिभांची असते.

आम्ही डबा साफ करतो तो कसा, हेही सांगणे योग्य ठरेल. प्रथम मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने धूळ काढतो. नंतर कापूस गुंडाळलेली काडी डिस्टिल्ड पाण्यात ओली करून, जवळजवळ पिळून, तळाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात हलक्या हाताने फिरवतो आणि काडी भिंगाखाली पाहतो. करडा मळ आला तर पुढे जातो. लाल, हिरवी किंवा पिवळी छटा उतरलेली दिसली तर पाणी तेथेच बंद करतो. डब्यावर जितके रंग तितक्या वेगवेगळ्या चाचण्या कराव्या लागतात, कारण एकाच डब्यावरील पिवळा टिकतो आणि लाल विरघळतो असे घडते. त्यानंतर एका वेळी साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढा भाग घेऊन सफाई होते, प्रत्येक काडी एकदाच वापरली जाते, आणि शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला जातो. हे मेण पुढे कोणालाही सहज काढता येते. काम संथ आहे, आणि आम्ही ते संथच ठेवणार आहोत.

डबा “नव्यासारखा चकचकीत” करून द्या, असा आग्रह अनेकदा होतो. आपली वस्तू आहे आणि अंतिम निर्णय आपलाच आहे, हे आम्हाला मान्य आहे. तरीही मूळ रंग अर्ध्याहून अधिक शिल्लक असेल तर आम्ही पूर्ण रंगकाम न करण्याचा सल्ला देतो. संग्राहकाच्या दृष्टीने ओरखडे असलेला मूळ रंगाचा डबा हा सुबक रंगवलेल्या डब्यापेक्षा बहुधा अधिक मोलाचा असतो, आणि एकदा काढलेला रंग परत आणता येत नाही. मूळ रंग जवळजवळ नष्टच झाला असेल, किंवा आधी कोणीतरी घरगुती ऑइलपेंटचा जाड हात मारला असेल, तर मात्र आम्ही आनंदाने पूर्ण रंगकाम करतो, मूळ छटेला जुळवून ट्रान्सफरही लावतो. अशा प्रत्येक डब्याच्या तळाला रंगकामाचे वर्ष आणि आमची खूण कोरलेली असते. ती खूण टाळावी अशी विनंती आम्ही स्वीकारत नाही, कारण उद्या तो डबा मूळ रंगाचा म्हणून विकला गेला तर फसवणूक पुढच्या घेणाऱ्याची होते.

चाकांना किंवा चौकटीला भेगा पडून ती फुगलेली दिसत असतील तर प्रकार निराळा आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या हॉर्नबी ओ गेजच्या काही चाकांत आणि १९३८ साली आलेल्या हॉर्नबी डब्लो या लहान गेजच्या मालिकेतील सुरुवातीच्या मालडब्यांच्या ओतीव चौकटींत हे विशेष आढळते. जस्ताच्या मिश्रधातूत ओतकामाच्या वेळी शिशासारखी अशुद्धी मिसळली गेली, तर धातूच्या कणांच्या सीमा आतून कुजत जातात; दमट हवेत ही क्रिया वेग घेते. ही वापरणाऱ्याची चूक नसते आणि यावर उपायही नाही. हा दोष एका डब्यातून दुसऱ्या डब्याला लागतो अशी समजूत आहे, ती खरी नाही; शेजारचा डबा तडकला तर त्याच्या धातूतही मुळातच तीच अशुद्धी होती असे समजावे. असे भाग चिकटवण्याचा प्रयत्न करू नये, कारण धातू फुगतच राहतो आणि जोड पुन्हा उघडतो. ओ गेज आणि डब्लो दोन्हींसाठी नवी चाके आमच्याकडे तयार असतात, चौकट मागणीनुसार मिळते, आणि काढलेले मूळ भाग लेबल लावलेल्या पुडीत आपल्याला परत दिले जातात.

घरात लहान मुले असतील तर पुढील बाब गांभीर्याने घ्यावी. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या नव्या रंगांसाठी शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही कायदेशीर मर्यादा २०१७ पासून लागू झाली आहे. हे डबे त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. कोरड्या पॉलिश पेपरने घासताना उडणारी भुकटी श्वासातून आणि हातांवाटे पोटात जाते. डबे सुस्थितीत असले तरी तोंडात वस्तू घालणाऱ्या वयाच्या मुलांच्या हाती ते देऊ नयेत, आणि मोठ्यांनीही हाताळल्यावर हात धुवावेत.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या लायनेल संचांबाबत एक सूचना आहे. दूध उतरवणारा किंवा लाकडे टाकणारा यांत्रिक डबा चालतो का हे पाहण्यासाठी त्यासोबतचा जुना ट्रान्सफॉर्मर आपल्या घरातील प्लगला लावू नये. तो साधारण ११५ व्होल्टसाठी बनवलेला आहे आणि आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा आहे. डबा चालतो का, एवढी चाचणी आमच्याकडे योग्य पुरवठ्यावर विनामूल्य होते.

काम कधी मिळेल, हा प्रश्न जून महिन्यात सर्वाधिक येतो. सफाई, चाके आणि कपलिंग यांचे काम वर्षभर चालते आणि सामान्यतः तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. लॅकरचा फवारा मात्र आम्ही जून ते सप्टेंबर या काळात मारत नाही, कारण हवेतील ओलावा ओल्या लॅकरवर बसून पांढरट धुरकट थर येतो. हे काम इतरत्र पावसाळ्यातही करून मिळते, हे आम्हाला माहीत आहे; त्यातील काही डबे दिवाळीनंतर आमच्याकडे येतात. पूर्ण रंगकाम हवे असेल तर डबा पावसाळ्यात तपासून नोंदवून ठेवावा, म्हणजे ऑक्टोबरमध्ये आपला क्रमांक आधी लागतो.

डब्याच्या सविस्तर तपासणीसाठी आम्ही शुल्क घेतो, याबद्दल काही ग्राहक नाराजी व्यक्त करतात. तपासणीत रंगाच्या चाचण्या, गेज आणि काळ यांची नोंद, बदललेले भाग आणि आवश्यक कामाचा लेखी अंदाज एवढे सर्व येते. काम आमच्याकडे दिल्यास शुल्क बिलातून वजा होते, न दिल्यास तो लेखी अहवाल आपण अन्यत्र वापरू शकता. बाजारातील किंमत आम्ही लिहून देत नाही, कारण आम्ही स्वतः डब्यांची खरेदी-विक्री करत नाही आणि ती करावी असेही आम्हाला वाटत नाही.

आणताना प्रत्येक डबा स्वच्छ, पांढऱ्या, धुतलेल्या सुती कापडात स्वतंत्र गुंडाळावा. रबरबँड लावू नयेत. रबरातील गंधकाने धातूवर काळे पट्टे उठतात. सुटलेला हुक, तुटलेला बफर, रंगाचे पापुद्रे, जे काही ट्रंकेत सापडेल ते वेगळ्या पाकिटात आणावे, केर समजून टाकू नये. मूळ पुठ्ठ्याची पेटी फाटकी असली तरी आणावी आणि तिला चिकटपट्टी लावू नये. घरी परत नेल्यावर डबे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न ठेवता आम्ही देतो त्या आम्लविरहित कागदाच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत. पुडी पावसाळ्यात महिन्यातून एकदा बदलावी, नव्या पुड्या आमच्याकडे मिळतात. लोकलने येणार असाल तर दुपारची वेळ सोयीची पडते. पाचपेक्षा अधिक डबे असल्यास, किंवा ज्येष्ठ ग्राहकांना येणे अवघड असल्यास, ठाणे आणि नवी मुंबईत आमचा माणूस घरी येऊन डबे घेऊन जातो व पोचपावती देतो. अशा वेळीही डबे त्याच्यासाठी पुसून ठेवू नयेत. गुंडाळण्याचे कापडसुद्धा तोच घेऊन येतो.