ग्राफिक्स कार्डाने स्टॉकफिश पळत नाही

दादरच्या एका ओळखीच्या काकांनी मुलीच्या बुद्धिबळासाठी लॅमिंग्टन रोडवरून महागडं ग्राफिक्स कार्ड आणलं. स्टॉकफिश म्हणजे बुद्धिबळाच्या चाली शोधणारा संगणक प्रोग्राम; ‘त्या कार्डाने तो जोरात पळतो’ असं त्यांनी ऐकलं होतं. हा समज साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी कष्टाचे पैसे जातात याचं फार वाईट वाटतं. स्टॉकफिश ग्राफिक्स कार्डाला हातही लावत नाही. २०२० मध्ये त्यात पटावरची स्थिती जोखणारं न्यूरल नेटवर्क आलं, पण तेही प्रोसेसरवरच चालतं. ग्राफिक्स कार्डाचा खरा उपयोग ‘लीला चेस झिरो’ या दुसऱ्या बुद्धिबळ प्रोग्रामला.

काकांकडे प्रोसेसर आठ कोअरचा, आणि स्टॉकफिशच्या सेटिंगमध्ये थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) १, हॅश (तपासलेल्या पोझिशन्स लक्षात ठेवायची मेमरी) १६ एमबी! थ्रेड ८ आणि हॅश १०२४ एमबी केल्यावर सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या पोझिशन्स तिथल्या तिथे कितीतरी पटींनी वाढल्या.