जुनी खेळणी दुरुस्तीला आणण्याआधी

माळ्यावरची ट्रंक उघडली, आजीची भातुकली निघाली, आता ती चकचकीत करून नातीला द्यायची आहे. आमच्या दुकानात येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाची गोष्ट साधारण अशीच असते. कोणी भोवरा आणतो, कोणी चाक निखळलेली बैलगाडी, कोणी पत्र्याची बोट. खेळणे गल्ल्यावर ठेवले की आधी ते कोणाचे होते हे सांगतात आणि मग काय बिघडले ते. दोन्ही ऐकायला आम्हाला आवडते. पण रोज विचारले जाणारे काही प्रश्न एकदा लिहून ठेवावेत, म्हणून हा कागद.

पहिली विनंती: घरून निघताना खेळणे घासू नका. पितळ काळे पडलेले असले तरी त्या काळेपणातच कुठे तडा गेलाय, कुठे आधी कोणी डाग दिलाय (म्हणजे धातू वितळवून जोड दिलाय), हे आम्हाला दिसते. चिंच-मीठ लावून लख्ख केलेल्या भांड्यात यातले काही कळत नाही. शिवाय जुन्या भातुकलीच्या भांड्यांवर कधी कधी बारीक टोच्याने नाव घातलेले असते. दोन-तीनदा जोर लावून घासले की ते पुसट होते, आणि तेच नाव दाखवायला तुम्ही आलेले असता.

दुसरे म्हणजे, हे खेळणे कोणी खेळणार आहे की काचेच्या कपाटात राहणार आहे, ते ठरवून या. कपाटातच ठेवायचे असेल तर शक्यतो दुरुस्ती करू नका. मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि ठेवा. यात आमचा धंदा बुडतो, बुडू दे. जुन्या रंगावर नवा रंग चढवलेली ठकी, म्हणजे लाकडी बाहुली, आम्हाला तरी बघवत नाही.

भातुकली

सगळ्यात जास्त काम हेच. बंब, घंगाळ, परात, पळी, झारा, शेगडी, जाते, पाटा-वरवंटा, विळी, रोळी, असा सगळा संसार पिशवीतून निघतो. लोक म्हणतात, "सगळ्याला कल्हई करून द्या." तसे सरसकट करता येत नाही. का ते सांगतो.

कल्हई म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा पातळ थर. ती करताना भांडे आधी शेगडीवर तापवतात. मग आत नवसागराची चिमूट टाकायची. भपकन पांढरा धूर निघतो आणि धातूवरचा मळ सुटतो. त्याच वेळी कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचे. कथील २३२ अंशांना वितळते. मोठ्या पातेल्याला तापायला वेळ लागतो, त्यामुळे हाताला सवड मिळते. बोटभर उंचीचे पातेले क्षणात गरजेपेक्षा जास्त तापते आणि कथील जळून पिवळे पडते. म्हणून भातुकलीची कल्हई आम्ही भट्टीवर न करता हातातल्या लहान बर्नरवर एकेक भांडे घेऊन करतो. आकार लहान म्हणून मजुरी कमी असावी, असे वाटणे साहजिक आहे. पण काम नेमके उलटे आहे.

त्यातही बंबाची तोटी, किटलीची नळी, डब्याची कडी हे भाग बहुतेक वेळा कथील आणि शिसे मिसळलेल्या डागाने जोडलेले असतात. हा डाग १८३ अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतो. म्हणजे कल्हईसाठी बंब तापवला की कथील वितळायच्या आधी तोटी हातात येते. म्हणून आम्ही तोटी आधी सोडवतो, कल्हई करतो आणि मग शिसे नसलेल्या डागाने ती पुन्हा बसवतो. अशा भांड्याला दोन दिवस जास्त लागतात.

आता मुलांच्या खाण्याचे. जुन्या डागात शिसे असू शकते, म्हणून भातुकलीत खरा भात शिजवू नका, कल्हई केलेली असली तरी. चुरमुरे, डाळे, शेंगदाणे, गुळाचा खडा चालेल. लुटुपुटीच्या स्वयंपाकाला तेवढे पुरते. ताक, चिंचेचे पाणी, कोकम, लिंबू सरबत मात्र कल्हई नसलेल्या पितळेत ठेवायचेच नाही. ताक कळकते, म्हणजे धातूमुळे बिघडते, हे आजीला माहीत होते. नातवंडांना ते कोणी तरी सांगायला हवे.

लाकडी खेळणी

सावंतवाडीची खेळणी ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन. हातात घेतले की रिकामे वाटते, कारण ते पांगाऱ्याचे लाकूड. पांगारा म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर लालभडक फुलणारे, अंगाला काटे असलेले झाड. लाकूड मऊ आणि हलके, म्हणून कापायला, कोरायला सोपे. तिथल्या चितार आळीतली लाकडी केळी, आंबे, वांगी लांबून खरी वाटतात ती रंगामुळे, आणि उचलली की लगेच फसवणूक कळते. मऊपणाचा तोटा असा की किडा लवकर लागतो. खेळण्याखाली पिठासारखी भुकटी दिसली तर ते लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि तसेच आणा. बाकीच्या खेळण्यांपासून, आणि घरातल्या फर्निचरपासूनही, दूर ठेवा.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी वेगळी. तिथले पारंपरिक लाकूड आपल्याकडे काळा कुडा म्हणतात त्याचे. कातकामाच्या यंत्रावर खेळणे गरगर फिरत असते आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घासल्याच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर बसते. वरची चकाकी केवड्याच्या पानाने घासून आणतात. हे सांगायचे कारण असे की लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोरोनापासून बाळाच्या प्रत्येक वस्तूला सॅनिटायझर लावायची सवय लागली आहे. लाखेच्या खुळखुळ्याला ते लावलेत तर रंग चिकट होऊन बोटाला लागेल. गरम पाण्यानेही लाख मऊ पडते. ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडे करा, बस.

भोवऱ्याची आर, म्हणजे खालचा खिळा, आम्ही बदलून देतो, जाळी (दोरी) ही मिळेल. भोवऱ्यावरच्या खोका, म्हणजे खाचा, भरून हव्या आहेत का, असे आम्ही मुद्दाम विचारतो. आजवर बहुतेकांनी नको म्हटले आहे. कोणती खोक कोणाच्या भोवऱ्याने पाडली, ते त्यांना नावानिशी आठवते.

पत्र्याची बोट आणि चावीची खेळणी

जत्रेत मिळणारी टकटक आवाज करत टबात फिरणारी बोट बिघडली म्हणून आणतात. पुष्कळदा ती बिघडलेली नसते. तिच्या पोटात पत्र्याची चपटी डबी आणि मागे निघणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात. पेटवण्याआधी या नळ्यांतून डबीत पाणी भरावे लागते, आणि नेमके हेच लोक विसरतात. एका नळीला तोंड लावून किंवा ड्रॉपरने पाणी सोडा, दुसऱ्या नळीतून बाहेर आले की थांबा, बोट पाण्यात ठेवा आणि मगच वात पेटवा. डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतले पाणी मागे ढकलते, वाफ थंड झाली की पाणी परत आत ओढले जाते. आवाज डबीच्या पातळ पत्र्याचा. कोरडी पेटवली तर डबीचा डाग सुटतो, आणि मग मात्र आमच्याकडेच यावे लागते.

चावीच्या खेळण्यात खोबरेल किंवा डोक्याचे तेल घालू नका. ते घट्ट होऊन दाते जाम होतात. शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

बाहुल्या

जुनी, कडक आणि अगदी हलकी बाहुली असेल तर अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या. कापराचा वास आला तर ती बहुधा सेल्युलॉइडची. ती पटकन पेट घेते. देव्हारा, गॅस, दिवाळीच्या पणत्या यांपासून लांब ठेवा, हवाबंद डब्यात कोंडू नका आणि मुलांना खेळायला देऊ नका. तिची दुरुस्ती आम्ही करत नाही. मऊ प्लॅस्टिकची बाहुली जुनी होऊन चिकट झाली असेल तर तिलाही उपाय नाही; आतला मऊपणा देणारा पदार्थच बाहेर येत असतो.

रंग आणि आयएसआय

घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधी रंगवलेल्या खेळण्यात शिसे असू शकते, असे धरूनच चाला. घरी पॉलिश पेपर मारू नका, त्या धुळीचाच धोका जास्त. सगळे तोंडात घालायच्या वयाच्या बाळाला ते खेळणे देऊ नका.

"नव्या खेळण्यांवर आयएसआय मार्क का नाही?" असेही विचारले जाते. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा झाला. मात्र विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी केलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. आमच्याकडची नवी लाकडी खेळणी अशा कारागिरांची आहेत. नोंदणीचे कागद दुकानात ठेवलेले असतात, मागा म्हणजे दाखवू.

वेळ आणि पैसे

खेळणे पाहिल्याशिवाय खर्च सांगत नाही. फोटोवरून तर नाहीच. पाहणीचे पैसे घेत नाही. गणपती ते दिवाळी कामाची गर्दी असते, तेव्हा घाई करू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी हवे असेल तर होळीच्या आत आणून द्या.

पांगुळगाड्याबद्दल, म्हणजे बाळ धरून चालायला शिकते त्या गाड्याबद्दल, वेगळे सांगायला हवे. चाके सैल, गुळगुळीत करून द्या, असा आग्रह असतो. आम्ही ती थोडी घट्टच ठेवतो. गाडा पळाला तर मागे बाळ तोंडावर पडते. चाके नवी कातायची तर महिना लागतो. तेव्हा बाळ बसायला लागले की गाडा घेऊन या, उभे राहायला लागल्यावर आणलात तर गाडा तयार होईपर्यंत ते पळत सुटलेले असते.